घरचा हात

समज, तू स्वयंपाकघरातला एक चमचा उचललास आणि ओट्यावर आपटलास. टक्. आवाज आला आणि मेला. आता समज, पितळेच्या रिकाम्या घागरीत एक भुंगा शिरलाय आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाही. तू घागरीला कान लावलास. तो आवाज संपतच नाही. आत गोल गोल फिरत राहतो, आणि थोड्या वेळानं तुला वाटायला लागतं की घागर नाही, आपलंच डोकं गुणगुणतंय.

तंबोऱ्याची तार नुसती ताणून छेडली, तर ती चमच्यासारखी बोलते. तिच्यात भुंगा आणायचा तर तारेखालची घोडी घासावी लागते. घोडी म्हणजे भोपळ्यावरच्या फळीवर बसवलेला हाडाचा चपटा तुकडा. त्याच्या माथ्याला कानशीनं इतका हलका उतार द्यायचा, की तार त्याच्यावर धड टेकूही नये आणि धड सुटूही नये. याला म्हणतात जवारी काढणं. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, आणि भुंगा जागा होतो.

एवढं ध्यानात ठेव. आणि आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या गोष्टीतल्या मुलीला एका जुन्या कानशीची आस होती. ती तिला मिळाली नाही. उगाच शेवटपर्यंत आशेवर बसू नकोस.

ती मुलगी म्हणजे मी, खैरून. आज माझ्याकडे तुझ्यासारखी मुलं शिकायला येतात, आणि मी त्यांच्या हातात बाजारात मिळते ती साधी कानस ठेवते. दुसरी माझ्याकडे नाही.

तेव्हा मी सातवीत होते. शाळेत उपासनीबाई मुख्याध्यापिका म्हणून नव्यानं आल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्या आमच्या वर्गावर आल्या आणि टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

“नाव सांगायचं नाही, वडिलांचं नाव सांगायचं नाही, कुठल्या गल्लीत राहता तेही सांगायचं नाही,” त्या म्हणाल्या. “ते सगळं हजेरीपटात आहे. मला तुमची ओळख हवी आहे. हातानं काय करता, रिकाम्या वेळी कशात रमता, काय शिकायला आवडतं, ते घेऊन या. येत्या शनिवारी, हॉलमध्ये. आईवडिलांनाही बोलवा.”

धोंडीरामनं हात वर केला. “बाई, मी शिट्टी मारली की आमची म्हैस तळ्यातनं बाहेर येते. म्हैस आणू?”

“शिट्टी आण. म्हैस राहू दे.”

“पण बाई, म्हैस नसली तर शिट्टीला कोण विचारतंय?”

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. माझ्या शेजारी बसणारी कमल तोडकर मला कोपरानं ढोसून म्हणाली, “मी पोस्टाची तिकिटं आणणार. तू गं?”

“बघू,” मी म्हटलं. पण मला तेव्हाच ठाऊक होतं.

आमची गल्ली सतारी-तंबोरे करणाऱ्यांची. दारोदार भोपळे वाळत टांगलेले, लाखेचा वास, आणि दिवसभर कुठे ना कुठे तार लागत असायची. प्रत्येक घराचा आवाज वेगळा. आमच्या घरचा गोल, दबका, साजूक. समोरच्या पापालालचाचांच्या घरचा खुला. त्यांची तार छेडली की आवाज पार गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जायचा. माझ्या अब्बांना, बाबालाल त्यांचं नाव, तो आवाज मुळीच खपायचा नाही. “बाजारू,” ते म्हणायचे. “आल्या आल्या सगळं सांगून मोकळा होतो.”

अब्बा डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, हा अमक्याचा हात, हा तमक्याचा. कधी चुकल्याचं मला आठवत नाही. बाहेरगावचे गवई मुद्दाम त्यांची गंमत बघायला यायचे.

त्यांच्या बैठकीच्या वर खिळ्याला एक कानस टांगलेली होती. माझ्या आजोबांची. तिची लाकडी मूठ अंगठ्याच्या जागी झिजून खोल झाली होती. आमच्या घरचा रिवाज असा, की ती कानस बाप ज्याच्या हातात देईल तो घरचा हात. मग घराच्या नावानं बाहेर पडणारी प्रत्येक जवारी त्यानं काढायची. अब्बांचे हात थरथरायला लागल्यापासून ती कानस नुसतीच टांगलेली होती. ते तिच्याकडे बघायचे, मग माझ्या भावाकडे बघायचे, आणि बिडी शिलगवायचे.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. तुझ्यासाठी मराठीत सांगते. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, “अब्बा, मला शिकवा की.”

“तू शिकशील गं,” ते म्हणाले. “चांगली शिकशील. तेच तर भय आहे.”

“भय कसलं?”

“तुझं लग्न होणार याच गल्लीत, नाहीतर अशाच दुसऱ्या गल्लीत. कपड्यालत्त्याबरोबर आमचा आवाजही घेऊन जाशील. मग आमच्या घरात काय उरेल? भोपळे!” आणि ते हसले, माझ्या डोक्यावर टपली मारून. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

शिकायचं होतं ते माझ्या भावानं, दस्तगीरभाईनं. तो माझ्याहून बराच मोठा, शाळा सोडलेला. त्याचा जीव सायकलीत. चाक वाकडं चालवणारी सैल तार त्याला लांबून दिसायची, पण हाडावर कानस चालवायला बसला की वैऱ्याची मान हातात आल्यासारखा घासायचा. मग घोडी अब्बांपुढे नेऊन ठेवायचा. अब्बा ती तंबोऱ्यावर चढवून तार छेडायचे. टक्.

“चमचा,” अब्बा म्हणायचे. “पुन्हा कर.”

एकदा दुपारी तो परसात माझ्यापाशी आला. मी हाडाचा भुसा झाडत होते. तो वैतागून म्हणाला, “बघ गं जरा, कुठं चुकतंय.”

मी घोडी हातात घेतली. तार जिथं हाडाला घासते तिथं काळी रेघ उमटते. ती रेघ एका बाजूला जाड होती. लहानपणापासून अब्बांच्या बैठकीखालचा भुसा मीच गोळा करत आले होते, त्यामुळे त्यांचा हात कुठे थांबतो, कुठे फुंकर मारतो, सगळं मला पाठ होतं. मी त्याची नेहमीची कानस घेऊन फिरवली. फुंकलं. पुन्हा फिरवली. परसातल्या एका जुन्या तंबोऱ्यावर चढवून धागा सरकवला, तार छेडली.

भुंगा.

 घोडी उतरवून भाई आत गेला. पडद्याआडून मी ऐकलं. अब्बांनी तार छेडली, पुन्हा छेडली.

“कुणाचा हात हा?”

“माझा,” भाई म्हणाला.

“या अल्ला. आता आवाज बसायला लागला पोरा, आता बसायला लागला!”

मी ओढणीचं टोक तोंडात कोंबलं, हसू फुटू नये म्हणून. त्या दिवशी माझ्याइतकं खूश कुणी नसेल. माझं काम अब्बांनी वाखाणलं होतं. ते माझं आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण तेव्हा ती गोष्ट मला बारीक वाटली.

मग तसाच पायंडा पडत गेला. भाई मागच्या दारानं सायकलच्या दुकानात जायचा, मी जिन्याखाली बसून घोड्या घासायचे. त्याला शाबासकी, मला काम. सौदा दोघांनाही पटला होता. टोचायला लागलं ते फार हळूहळू. जेवताना अब्बा भाईच्या पाठीवर हात फिरवत म्हणायचे, “माझा हात गेला तर जाऊ दे, घरचा हात आला.” आणि मी त्यांच्या ताटात भाकरी वाढत असायचे.

तर उपासनीबाईंची ओळख आली ती अशा वेळी. परसात एक चिरलेला लहान भोपळा पडला होता. तो मी डिंकानं सांधला, दांडी बसवली, एक खुंटी, एक तार. तंबोऱ्याचं पिल्लूच म्हण ना. त्याची जवारी मी मुद्दाम घरची काढली. गोल, दबकी, अगदी अब्बांसारखी. मला वाटलं, अब्बांना त्यांचा स्वतःचाच आवाज माझ्या हातातून ऐकू आला, की पुढचं काही सांगायला लागणार नाही.

भाईनं ती तंबोरी जिन्याखाली बघितली. “हे काय?”

“शाळेत न्यायची आहे. ओळख करून द्यायला.”

“अब्बा येणार आहेत?”

“बाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. येणार म्हणालेत.”

तो पायरीवर बसला. मला वाटलं, आता नको म्हणेल. पण तो हसला. “म्हणजे सुटलो की मी! मला कुठं हवीय ती कानस, खैरू? मला कोपऱ्यावर दुकान टाकायचंय. पण अब्बांना सांगणार कोण?”

“मी सांगते. तू फक्त नाही म्हणू नकोस.”

“विचारलं तर खरं तेच सांगेन,” तो म्हणाला. “तुझ्या गळ्याची शपथ.”

शनिवारी हॉल भरला होता. मुलं सतरंजीवर, मोठी माणसं भिंतीकडच्या बाकांवर. अब्बा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. भाई त्यांचा दंड धरून शेजारी बसला. धोंडीरामनं शिट्टी मारली आणि खिडकीबाहेर खरोखरच म्हैस हंबरली. त्यानं ती कुंपणाला बांधून ठेवली होती. बाईंना हसू आवरेना. कमलनं तिकिटं दाखवली आणि सगळ्या देशांची नावं न अडखळता म्हटली. एका मुलानं पायानं चित्र काढून दाखवलं. सगळ्यांना टाळ्या मिळत होत्या.

माझी पाळी आली. मी तंबोरी मांडीवर घेऊन बसले.

“नाव नाही सांगत,” मी म्हटलं. “मी जवारी काढते.” आणि तार छेडली.

 आवाज बाकांखालून फिरून पुन्हा माझ्यापाशी आला. मी अब्बांकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले. मान किंचित तिरकी केली. ते ओळखत होते! 

“हे सगळं तू केलंस?” बाईंनी विचारलं.

“होय बाई. भोपळ्यापासून.”

“जवारी की काय म्हणालीस, तीसुद्धा?”

“तीच तर मी केलीय.”

बाई कौतुकानं अब्बांकडे वळल्या. “बाबालालभाई, तुम्ही यातले जाणकार. तुम्हीच सांगा, कसं जमलंय?”

अब्बांनी हात पुढे केले. मी तंबोरी नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी थरथरत्या बोटानं तार छेडली, कान जवळ नेला, पुन्हा छेडली. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

“बाई,” ते म्हणाले, “हा हात मी ओळखतो. अंधारात ओळखीन. किती महिने ऐकतोय मी याला. इतका स्वच्छ मात्र आजवर लागला नव्हता.” त्यांनी शेजारी बसलेल्या भाईच्या खांद्यावर हात ठेवला. “हा माझ्या दस्तगीरचा हात.”

कुणीतरी टाळी वाजवली आणि अर्धवट थांबवली.

“पण खैरून म्हणते, तिनं केलंय,” बाई म्हणाल्या.

“भोपळा सांधला असेल तिनं. दांडी घासली असेल. हाताची चांगली आहे पोर. पण जवारी?” ते हसले. “बहिणीला भावाचं कौतुक असतं बाई, तसं मनावर घेऊ नका.”

“अब्बा, मी केली,” मी म्हटलं. माझा आवाज मोठा आला असावा, कारण सतरंजीवरची मुलं वळून बघायला लागली. “आधीच्या पण मीच केल्या. भाईला विचारा.”

अब्बांनी भाईकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. तिथं नुसता आनंद होता आणि तो सबंध भाईवर ओतलेला होता. हात अजून त्याच्या खांद्यावर होता, थरथरत.

“सांग रे,” अब्बा म्हणाले.

भाईनं माझ्याकडे बघितलं नाही. त्यानं अब्बांच्या हाताकडे बघितलं.

“माझीच आहे,” तो म्हणाला. “तिनं शाळेसाठी मागितली, म्हणून दिली.”

“ऐकलंत?” अब्बा बाईंना म्हणाले. मग तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांनी भाईचं डोकं जवळ ओढलं. “येत्या जुम्म्याला कानस तुझी. गल्लीला बोलावून देतो. फार वाट बघितली मी या दिवसाची.” आणि मग मला, अगदी मायेनं, “खैरून, दुसऱ्याचं काम आपलं म्हणू नये बेटा. बाईंची माफी माग.”

मी माफी मागितली. काय सांगू तुला, मागितली. माझे हात जोडलेलेसुद्धा मला आठवतात.

बाई फार चांगल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “असू दे हं. आपण दुसरं काही सांगू या का? तुला स्वतःला काय येतं?”

“काही नाही,” मी म्हटलं.

मी जागेवर जाऊन बसले, तेव्हा कमल थोडी पलीकडे सरकली. पुढचा मुलगा पाढे उलटे म्हणायला लागला. अब्बांनी घरी जाताना तंबोरी स्वतः उचलून नेली आणि बैठकीच्या भिंतीला टांगली. आल्या-गेल्याला ते दाखवायचे, “दस्तगीरची.”

भाई माझ्याशी बोलायचा बंद झाला. म्हणजे मीच बोलत नव्हते, पण त्यालाही ते सोयीचंच होतं. गुरुवारी दुपारी मात्र तो जिन्याखाली आला. हातात नवी कोरी घोडी.

रिवाजाचा राहिलेला भाग तुला सांगायला हवा. कानस हातात देण्याआधी नव्या तंबोऱ्यावर मुलानं जवारी काढलेली घोडी चढवायची. बापानं गल्लीसमोर डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायचं, “हा आमच्या घरचा हात.” मग फातिहा पढायचा, मग मलिदा वाटायचा.

“बघ गं जरा,” भाई म्हणाला.

मी घोडीला हात लावला नाही.

“मी बोलणार होतो खैरू. खरंच. पण त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. केवढा थरथरत होता तो. माझ्यानं नाही बोलवलं.”

“माझा गळा होता ना शपथेला?”

 त्यानं घोडी माझ्या मांडीवर ठेवली. “उद्या चमचा वाजला तर अब्बा मरतील गं. सगळी गल्ली हसेल. शेवटचं एकदा. पुढचं पुढे बघू.”

पुढचं मला तिथूनच दिसत होतं. कानस भाईच्या नावावर, मी जिन्याखाली. मग एक दिवस मी कुणाच्या तरी घरी, आणि भाई तिथंही मागच्या दारानं येऊन म्हणतोय, बघ गं जरा.

“ठेव आणि जा,” मी म्हटलं.

तो गेला. मी घोडी उजेडाकडे धरली. शनिवारपासून मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. अब्बा चुकले नव्हते. त्यांनी जे ऐकलं ते बरोबर ओळखलं. मीच त्यांना त्यांच्या घराचा आवाज ऐकवला होता, आणि त्या आवाजात माझ्यासाठी जागाच नव्हती. घर म्हटलं की त्यांना मुलगा दिसायचा.

मी कानस चालवली. गोल जवारीला माथा बाकदार ठेवतात. मी तो बाक मोडत नेला, सपाट, आणखी सपाट, इतका की अब्बांनी बघितलं असतं तर हातातून ओढून घेतली असती. जुन्या तंबोऱ्यावर चढवून धागा सरकवला, तार छेडली, आणि माझ्याच अंगावर काटा आला. खुला आवाज. पण पापालालचाचांच्या घरासारखा नव्हे. त्यांचा आल्या आल्या सगळं सांगून टाकायचा. हा आधी येऊन उभा राहायचा, आणि मग बोलायला लागायचा. असा आवाज मी कुणाच्याच घरात ऐकला नव्हता.

घोडी मी भाईसाठी फडक्यात गुंडाळून ठेवली. त्यानं ती वाजवूनही बघितली नाही. वाजवली असती तरी त्याला फरक कळला नसता. संध्याकाळी अब्बा नमाजाला गेले, तेव्हा भिंतीवरची तंबोरी मी काढून आणली आणि तिच्या घोडीचाही माथा तसाच सपाट केला.

जुम्म्याची नमाज झाल्यावर पुरुष बाहेरच्या खोलीत बसले. बायका आत, पडद्यामागे. मी अम्माजवळ बसले, तंबोरी ओढणीखाली मांडीवर घेऊन. अम्मानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ओढणीकडे. मग माझा उजवा हात धरून नखं बघितली. नखांत हाडाचा पांढरा भुसा होता.  तिनं मनगट सोडलं नाही.

पडद्याच्या फटीतून मला अब्बा दिसत होते. नवी टोपी, आणि उजव्या हातात आजोबांची कानस. समोर भाई, मान खाली घालून.

“बाबालाल, पोरानं तुझी थरथर तर उचलली नाही ना?” पापालालचाचांनी टोमणा मारला. सगळे हसले.

“ऐक आणि मग बोल,” अब्बा म्हणाले. “तुझे कान खुल्या आवाजानं किटलेत. आज जरा धुऊन घे.”

त्यांनी डोळे मिटले आणि तार छेडली.

आवाज येऊन खोलीत उभा राहिला. मग बोलायला लागला.

अब्बांची मान हलली नाही. त्यांनी पुन्हा छेडली. कपाळावर आठी आली. तिसऱ्यांदा छेडली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“हा आमच्या घरचा हात नाही,” ते म्हणाले.

ते पापालालचाचांकडे वळले. “पापालाल, तुझी घोडी चढवलीय का कुणी चेष्टेनं?”

पापालालचाचा पुढे सरकले. त्यांनी स्वतः तार छेडली, कान लावला. “आमचाही नाही,” ते सावकाश म्हणाले. “गल्लीतलाच नाही हा. पण आहे मोठा अस्सल, बाबालाल. कुणाचा रे?”

अब्बांनी कानस मांडीवर ठेवली. इतकी वर्षं प्रत्येक हात ओळखणारा तो माणूस पहिल्यांदाच कुणाला तरी विचारत होता. “दस्तगीर. कुणाचा हात हा?”

भाईनं घोडीकडे बघितलं.

“मी विचारतोय. कुणाचा?”

भाईचं डोकं आणखी खाली गेलं. अम्माची पकड माझ्या मनगटावर आवळली. “गप बस,” ती माझ्या कानाशी पुटपुटली. “मेले तरी ते तुला देणार नाहीत ती कानस. उगाच हसं होईल. गप बस पोरी.”

तिचं खरं होतं. ते तेव्हाही मला माहीत होतं.

उजवा हात तिच्या मुठीत होता. डावा मोकळा होता. मी तो ओढणीखाली नेला आणि मांडीवरची तार छेडली.